गालावरचं वांग आणि लघवीतला फेस

वाचकाचं पत्र : "डॉक्टर, मी तासगाव तालुक्यातून लिहितेय. आमची द्राक्षबाग आहे. सूनबाई २६ वर्षांची, लग्नाला ३ वर्षं झाली. दोन वर्षांपासून तिचं काही ना काही चालूच आहे. आधी बोटांचे सांधे धरले. सकाळी तासभर मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही. चिकुनगुनियाचं राहिलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. मग एप्रिलात खरड छाटणीच्या वेळी गालावर वांग आलं, मेडिकलमधून क्रीम आणून लावलं. तोंडात वरच्या बाजूला फोड, केस मुठीनं जातात, मधूनच ताप. टायफॉईड म्हणून दोनदा सलाईन लावलं. गेल्या वर्षी दिवस गेले होते, तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. आता सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून ल्युपस सांगितलंय. एवढे डॉक्टर झाले, प्रत्येकानं वेगळं सांगितलं, मग हे ल्युपसच कशावरून? मलेरियाची गोळी आणि स्टिरॉइड दिलंय. पाकीट वाचून मुलगा विचारतो, मलेरियाची गोळी कशाला? किडनीचा तुकडा काढून तपासायचा म्हणतात. मुलगा म्हणतो, क्रिएटिनिन ०.९ आहे, किडनी चांगली आहे, मग तुकडा कशाला? भावकीतले म्हणतात याची लागण होते, हिला पोर होणार नाही, बाहेरचं बघून घ्या. कुणी गुळवेलीचा काढा सांगतं, कुणी सांध्याच्या पुड्या. रिपोर्टांचे फोटो जोडलेत. आणि एक सांगते, मी तिला दोन वर्षं आळशी म्हणत आले. ते आता मला झोपू देत नाही."
- एक सासू

ताई,

आधी सर्वांत घाईची गोष्ट. किडनीच्या तपासणीला नाही म्हणू नका, आणि ती पुढच्या महिन्यावर ढकलूही नका. पाठवलेल्या कागदांमध्ये सगळ्यात महत्त्वाचा कागद एएनएचा, म्हणजे ल्युपससाठी केलेल्या रक्ततपासणीचा, नाही. तो सगळ्यात स्वस्त कागद आहे, लघवीच्या तपासणीचा. त्यावर लिहिलंय : प्रोटीन २ प्लस, आणि लाल पेशी.

मुलाला क्रिएटिनिन ०.९ दिसलं आणि त्याला धीर आला, हे मी समजू शकते. पण क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. किडनीची गाळण बरीच खराब होईपर्यंत तो आकडा नॉर्मलच्या आत राहू शकतो. लघवी मात्र आधी सांगते. गाळण गळायला लागली की अंगातलं प्रोटीन लघवीतून जातं, आणि म्हणून लघवीला फेस येतो. साबणाच्या पाण्यासारखा, पाणी ओतलं तरी लवकर न बसणारा. सूनबाईला विचारा, असं दिसतं का. तिनं कुणाला सांगितलं नसेल, कारण ही सांगायची गोष्ट आहे हे तिला माहीतच नसेल. आणि तिच्या नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून पाहा. खळगा पडून राहिला तर अंगावर पाणी धरतंय. यातलं काहीच दुखत नाही. ल्युपसमध्ये, म्हणजे अंगाची संरक्षण यंत्रणा आपल्याच अंगावर उलटते त्या आजारात, सांधे दुखतात म्हणून माणूस दवाखान्यात जातो, पण नुकसान होतं ते न दुखणाऱ्या जागी.

हे मी इतकं जोर देऊन का लिहितेय ते सांगते. मिरजेत प्रॅक्टिस सुरू केली त्या पहिल्या वर्षांत एक १९ वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. छातीत पाणी झालं होतं, ताप होता, टीबीची औषधं आधीच सुरू होती. आपल्याकडे छातीत पाणी म्हणजे टीबी, हे डॉक्टरांच्याही हाताला बसलेलं असतं. मीही तीच औषधं दोन महिने पुढे चालू ठेवली. तिचे सांधे दुखतात हे तिची आई दर वेळी सांगायची आणि मी ते अशक्तपणावर ढकलायची. तो टीबी नव्हता, ल्युपस होता. लघवी तपासली तेव्हा पायावर सूज आली होती. तिच्या किडन्या आम्हाला वाचवता आल्या नाहीत. ती चूक माझी होती. तेव्हापासून तरुण बाईला सांधेदुखी, ताप किंवा पुरळ यातलं काहीही असलं की मी पहिल्याच भेटीत लघवी तपासते.

आता तुमचा पहिला प्रश्न, हे ल्युपसच कशावरून? एवढे डॉक्टर झाले, प्रत्येकानं वेगळं सांगितलं.

ताई, त्यात प्रत्येकाची चूकच होती असं नाही. सांधेवाल्यानं सांधा पाहिला, दातवाल्यानं तोंड पाहिलं, तापाला ताप म्हणून औषध मिळालं. सगळं एकाच पोरीला होतंय हे फक्त घरातल्या माणसाला दिसत होतं. हा आजार असाच, तुकड्यातुकड्यानं येतो. निदान करायचं म्हणजे ते तुकडे एका कागदावर मांडायचे. तुमच्या पत्रात ते मांडलेले आहेत. खरं सांगायचं तर निम्मं निदान मी रिपोर्ट उघडण्याआधी तुमच्या पत्रातच वाचलं.

एएनए पॉझिटिव्ह आला म्हणजे ल्युपस झाला, असं मात्र नसतं, आणि हे मी बाकीच्या वाचकांसाठीही लिहितेय. ही तपासणी करताना रक्तातलं पाणी पातळ करत जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचं केंद्रक चमकतं का ते पाहतात. १:८० इतकं पातळ केल्यावर १०० निरोगी माणसांतही दहाएक जणांत ते चमकतं. नुसत्या थकव्यासाठी कुणी एएनए करून घेतला, तो थोडा पॉझिटिव्ह आला आणि घर रडायला बसलं, असं मी खूप पाहिलंय. तुमच्या सुनेचा आकडा १:६४० आहे, म्हणजे त्याहून कितीतरी जास्त पातळ केल्यावरही ते चमकतंय. पण तोही एकटा पुरेसा नव्हता.

२०१९ साली युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून गुणांची एक पद्धत ठरवली. ती मुळात संशोधनासाठी आहे, पण आम्हा डॉक्टरांना विचार करायला उपयोगी पडते. एएनए १:८० किंवा त्याहून जास्त असेल तरच पुढं मोजायचं, आणि १० गुण झाले की ल्युपस धरायचा. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेले सांधे, ६ गुण. गालावरचं ते पुरळ, ६. तिथंच १२ झाले. डीएस-डीएनए नावाची अँटीबॉडी, म्हणजे संरक्षण यंत्रणेनं आपल्याच पेशींविरुद्ध केलेलं हत्यार, वाढलेली आहे, आणखी ६. सी-३ नावाचं रक्तातलं प्रोटीन कमी आहे, ३. ताप, २. लघवीतून दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून जास्त प्रोटीन जातंय हे पक्कं झालं तर आणखी ४. म्हणजे लघवी बाजूला ठेवली तरी २३ होतात. सांगलीच्या डॉक्टरांचं निदान बरोबर आहे. आता नवा डॉक्टर शोधत फिरू नका, त्यात वेळ जाईल.

गालावरच्या त्या पुरळाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण आपल्याकडे तिथंच फसगत होते. पुस्तकात फुलपाखरासारखा लाल चट्टा लिहिलेला असतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसत नाही. जांभळट, काळपट दिसतो, आणि बघणारा म्हणतो वांग आलंय. दुपारी खिडकीजवळ तिला बसवा आणि नीट पाहा. वांग सपाट असतं, हळूहळू गडद होतं, बऱ्याचदा वरच्या ओठावर आणि कपाळावरही असतं. ल्युपसचं पुरळ जरा उठून आलेलं असतं, उन्हात गेल्यावर वाढतं, आणि नाकाच्या बाजूनं ओठाकडे जाणारी जी घडी असते ती बहुधा मोकळी सोडतं. जणू तिथं कुणी बोट ठेवून रंग लावलाय. मेडिकलमधून न विचारता आणलेल्या अशा क्रीममध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असतं. त्यानं पुरळ चार दिवस दबतं, पुन्हा येतं, आणि डॉक्टरांसमोर जायच्या दिवशी चेहरा स्वच्छ दिसतो. ते क्रीम बंद करा.

खरड छाटणीची वेळ तुम्ही बरोबर टिपलीत. एप्रिलचं ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीच्या पेशी मरतात आणि त्यांच्या केंद्रकातला माल बाहेर सांडतो. निरोगी माणसात तो निमूटपणे साफ होतो. ल्युपसमध्ये अंगाची संरक्षण यंत्रणा त्यालाच शत्रू समजून त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी करते. त्या अँटीबॉडी आणि तो माल यांची गाठोडी रक्तातून फिरतात आणि जिथं बारीक गाळण आहे तिथं, म्हणजे किडनीत, अडकतात. मग तिथं जळजळ सुरू होते. सी-३ हे प्रोटीन त्या जळजळीत खर्च होतं, म्हणून रक्तात कमी दिसतं. म्हणजे तुमच्या कागदांवरचे तीन आकडे, वाढलेलं डीएस-डीएनए, कमी सी-३ आणि लघवीतलं प्रोटीन, ही एकच गोष्ट तीन तोंडांनी सांगतायत.

यावरून भावकीच्या बोलण्याचाही निकाल लागतो. हा बाहेरून आलेला जंतू नाही, त्यामुळे लागण होण्याचा प्रश्नच नाही. तिच्या ताटात जेवा, तिच्या शेजारी झोपा. बाहेरची बाधा नाही, कुणाची करणी नाही. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना साधारण नऊपट जास्त होतो आणि बहुतेक वेळा मूल होण्याच्या वयातच होतो, म्हणून तो नेमका सुनांच्या वाट्याला येतो आणि दोष त्यांच्या पायगुणावर जातो. हे मला फार लागतं. तुम्ही त्या बोलण्यात सामील न होता पत्र लिहिलंत.

आता तुकड्याचं. किडनीची बायोप्सी हा शब्द ऐकून पोट फाडतात असं वाटतं. तसं नसतं. बाईला पालथं झोपवतात, पाठीत जागा बधिर करतात, सोनोग्राफीवर बघत बघत बारीक सुई घालतात आणि उदबत्तीच्या काडीहूनही बारीक असे एकदोन धागे काढतात. त्याआधी रक्तदाब, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी होते. तिच्या प्लेटलेट १ लाख ४० हजार आहेत, त्यांची अडचण होऊ नये. नंतर काही तास उताणं पडून राहावं लागतं आणि बहुधा एक रात्र दवाखान्यात ठेवतात. लघवीत थोडं रक्त दिसू शकतं, ते सहसा आपोआप थांबतं. जास्त रक्तस्राव होण्याचा धोका आहे, पण तो कमी आहे.

त्यातून मिळतं काय? ल्युपसच्या किडनीचे १ ते ६ असे वर्ग आहेत. ३ किंवा ४ असेल तर जळजळ जोरात आहे आणि औषधही जोरात लागेल. ५ मध्ये प्रोटीन फार गळतं. ६ म्हणजे गाळण वाळून वण झालेले, तिथं तीव्र औषध देऊन उपयोग नसतो, उलट अपाय. लघवीचा एकच २ प्लस या सगळ्यांत दिसू शकतो. तुकडा न पाहता औषध देणं म्हणजे रोग न बघता बागेवर फवारा मारणं. डाऊनी आहे की भुरी, हे पान उलटून पाहिल्याशिवाय तुम्ही औषध आणत नाही ना? तेव्हा लघवीचं प्रोटीन-क्रिएटिनिन प्रमाण या आठवड्यात करून घ्या. ते ०.५ च्या वर आलं की बायोप्सीची तारीख घ्या.

रिपोर्टमध्ये ३, ४ किंवा ५ आला तर किडनीतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ मिळून बहुधा मायकोफेनोलेटच्या गोळ्या किंवा सायक्लोफॉस्फामाइडची इंजेक्शनं सुचवतील. दुसऱ्याचं नाव कॅन्सरच्या औषधांत येतं म्हणून घाबरू नका. ल्युपससाठी ते बरेचदा कमी मात्रेत देतात, ५०० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, एकूण सहा वेळा. सुरू करण्याआधी टीबी आणि काविळीच्या विषाणूंची तपासणी करून घेतात, कारण या औषधांनी दबलेला संसर्ग वर येऊ शकतो. अलीकडची इंजेक्शनंही आहेत, अमेरिकेत २०११ मध्ये बेलिमुमॅबला आणि २०२१ मध्ये ॲनिफ्रोलुमॅबला मान्यता मिळाली. ती महाग आहेत. जुन्या औषधांनी भागत नाही असं दिसलं तर डॉक्टर त्यांचं नाव काढतील. त्यासाठी आजच बाग गहाण ठेवायचा विचार करू नका.

मलेरियाच्या गोळीबद्दल मुलाला शंका आहे. ती शंका रास्त आहे, पाकीट वाचणारा मुलगा घरात असणं चांगलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मलेरियाच्या औषधांच्याच घरातली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मलेरिया होऊ नये म्हणून अशाच जातीचं औषध देत होते, तेव्हा काही जणांचं पुरळ आणि सांधेदुखी कमी झालेली डॉक्टरांना दिसली. तिथून ही औषधं ल्युपसकडे वळली. आज ल्युपसच्या जवळपास प्रत्येक रुग्णाला ही गोळी देतात. ती आजार पुन्हा उसळणं कमी करते, किडनी टिकवायला मदत करते. फक्त ती सावकाश काम करते. दीडदोन महिन्यांत फरक जाणवायला लागतो, पूर्ण गुण यायला सहा महिनेही लागतात. पंधरा दिवसांत काही झालं नाही म्हणून ती सोडलेले रुग्ण मी मोजायचं सोडून दिलंय.

मात्रा वजनावर असते, किलोमागं दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत. तिचं वजन ४८ किलो, म्हणजे २४० पर्यंत चालेल. तिला २०० ची एक गोळी आहे, बरोबर आहे. वर्षानुवर्षं घेतल्यावर डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून पहिल्या वर्षातच डोळे तपासून घ्या, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर लवकर बोलावतील. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीनं लोकांनी ही गोळी साठवून ठेवली आणि ल्युपसच्या बायका रिकाम्या हातानं दुकानांतून परत आल्या, तेव्हा मला त्या गोळीची खरी किंमत कळली. घरात महिनाभराचा साठा शिल्लक असू द्या.

स्टिरॉइडची गोष्ट वेगळी. ती आग विझवणारी बादली आहे, रोजचं पाणी नव्हे. चेहरा सुजेल, भूक वाढेल, साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, हाडं ठिसूळ होतात. म्हणून डॉक्टर ती पायरीपायरीनं उतरवतात, आणि जमलं तर दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत आणतात. पण उतरवायची ती डॉक्टरांनीच. शेजारीण म्हणाली, चेहरा सुजला, बंद कर, म्हणून एका दिवसात बंद केलेली बाई मी अतिदक्षता विभागात पाहिली आहे. किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ज्या ग्रंथी असतात, त्या बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की स्वतःचं तयार करायचं सोडतात. अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळतो. सकाळी नाश्ता झाल्यावर घ्यायची. नवरात्राचा उपवास असला तरी घ्यायची. औषधानं उपवास मोडत नाही, आणि नऊ दिवस उपाशी राहून ही गोळी घेण्यापेक्षा या वर्षी उपवास तुम्हीच तिच्या वाटचा करा. जेवणात मीठ कमी, लोणचं-पापड बाजूला.

आता काढा आणि पुड्या. गुळवेल सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल. तिची रोगप्रतिकारशक्ती कमी झाली, ती वाढवू, असा त्याचा हिशोब. पण इथं ती शक्ती कमी नाही, ती चुकीच्या दिशेनं धावतेय. तिला आणखी चेव आणणारं काही नको. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला झालेल्या इजेची नोंद केली, आणि ती इजा याच प्रकारची, आपल्याच यंत्रणेनं केलेली दिसत होती. याच कारणानं अल्फाल्फाच्या गोळ्या आणि मोड आलेलं बीही नको. अल्फाल्फा म्हणजे आपलं लसूणघास. त्याचे मोड खाऊ घातलेल्या माकडांना ल्युपससारखा आजार झालेला आहे. गुरांना घाला, सुनेला नको. सांध्यांच्या निनावी पुड्यांत बरेचदा स्टिरॉइड आणि पेनकिलर मिसळलेलं असतं, म्हणून तर दोन दिवसांत गुण येतो. मेडिकलमधल्या दुखण्याच्या गोळ्याही स्वतःहून नको, सुजलेल्या किडनीला त्या थेट मारतात. ताप किंवा दुखलं तर पॅरासिटामॉल, तेवढंच. कुठल्याही दवाखान्यात गेलात तर सल्फाची औषधं नकोत हे आधी सांगा, ल्युपसमध्ये त्यांनी आजार भडकू शकतो.

मूल. हा प्रश्न तुम्ही एका ओळीत विचारलात, पण पत्रात तो सगळीकडे आहे. ल्युपसच्या बायकांना मुलं होतात. माझ्याकडे त्या बारशाचे पेढे घेऊन येतात. अट एवढीच की आजार किमान सहा महिने शांत हवा, आणि आज तो शांत नाही. किडनी सुजलेली असताना दिवस गेले तर आईच्याही जिवाला धोका आणि बाळाच्याही. म्हणून आत्ता नको, आणि हे मुलाला स्पष्ट सांगा. निरोध किंवा तांबी चालेल. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या या अवस्थेत नकोत. मायकोफेनोलेट सुरू केलं तर गर्भ राहू न देणं फार काटेकोरपणे पाळायचं, कारण त्यानं बाळात व्यंग येऊ शकतं. पुढे मूल हवं तेव्हा ते किमान सहा आठवडे आधी थांबवून त्याजागी अ‍ॅझाथायोप्रिन देतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवायची.

गेल्या वर्षीचा गर्भ पडला, तो ल्युपसमुळेच असं म्हणता येणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत असे गर्भ कुणाचेही पडतात. पण तिच्या रक्तात फॉस्फोलिपिडविरुद्धच्या, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या करू शकणाऱ्या, अँटीबॉडी आहेत का हे पाहायला हवं. तीन तपासण्या असतात, आणि पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा करतात. त्या असतील तर गरोदरपणात रक्त पातळ ठेवणारं औषध देऊन मूल टिकवता येतं. अँटी-रो नावाची आणखी एक अँटीबॉडी आहे. ती असेल तर शंभरात एकदोन बाळांच्या हृदयाची गती मंदावू शकते, म्हणून पोटातच बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. या दोन्ही तपासण्या तुमच्या कागदांत नाहीत. डॉक्टरांना विचारा.

आळशी म्हणण्याबद्दल. ताई, ल्युपसचा थकवा झोपून जात नाही. हिमोग्लोबिन ८.६ आणि सुजलेले सांधे घेऊन ती पहाटे उठत होती, हेच मोठं होतं. तुम्ही तिला काय बोललात ते तिच्या लक्षात आहे, आणि तुम्हाला झोप लागत नाही हे तिला माहीत नाही. ते तिला सांगा. पत्रात नको, तिच्याजवळ बसून सांगा. मग कामाची वाटणी बदला. सकाळची भाकरी तिच्याकडून काढून घ्या, बोटं सुटल्यावर दहानंतर घरातली हलकी कामं तिला द्या. नुसतं झोपवूनही ठेवू नका, सांधे आणि मन दोन्ही धरतात. बागेत जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. आपल्याकडे बायका साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालून शेतात जातात, तोच इथं उत्तम. वर पदर किंवा टोपी, आणि तोंडाला, मानेला, हाताच्या पंजांना एसपीएफ ५० चं सनस्क्रीन. बेदाण्याच्या शेडवर बसून काम असेल तरी बाजूनं ऊन येतंच, तेव्हाही लावा.

तुम्हाला एक काम देते. शंभर पानी वही घ्या. रोज तारीख, ताप, सकाळी किती वेळ सांधे आखडले, पुरळ, लघवीचा फेस, पायावरची सूज, आणि घरात मशीन असेल तर रक्तदाब. गोळी दिली की बरोबरची खूण. प्रत्येक भेटीला ती वही आणि सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमानं लावून न्या. प्लास्टिकच्या पिशवीतून कागद ओतून त्यातून लघवीचा रिपोर्ट शोधण्यात आमची निम्मी भेट जाते. आणि तुम्ही स्वतः जा. दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी लघवी, रक्त आणि सी-३ तपासावंच लागेल. किडनीचं औषध लागू पडतंय का हे प्रोटीनवरून कळतं. तीन महिन्यांत ते पाव भागानं तरी उतरावं, सहा महिन्यांत निम्मं, वर्षभरात बरंचसं आटोक्यात. औषध निदान तीन वर्षं तरी चालतं, आणि बरं वाटलं म्हणून थांबवलं तर आजार परत येतो.

ताप १०० च्या वर चढला, दम लागला, छातीत दुखलं, लघवी कमी झाली, झटका आला, ती असंबद्ध बोलायला लागली किंवा एकच पाय सुजला, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तो विचार असणारच. सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज दोन्हीकडे मेडिसिन विभाग आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथं आधी विचारा की बायोप्सी आणि पुढची इंजेक्शनं कोणत्या पॅकेजमध्ये बसतात. भरती झाल्यावर विचारलं तर धावपळ होते. स्टिरॉइडसारख्या जुन्या गोळ्या जनऔषधीच्या दुकानात स्वस्त पडतात. ब्रँड बदलला तरी औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तेच आहे का ते मुलाला वाचायला सांगा, त्याला ते जमतं.

मुलाला आणखी एक वाचायला द्या. १९५० च्या दशकात ल्युपसचं निदान झालेल्यांपैकी निम्मेच पाच वर्षं जगत. आज नीट उपचार घेणाऱ्यांत शंभरातले नव्वदहून जास्त दहा वर्षांनंतरही असतात, संसार करतात, नोकऱ्या करतात.

लघवीचं प्रमाण आणि बायोप्सी झाली की रिपोर्टचा फोटो पाठवा. त्यावर वर्ग किती लिहिलाय, ते आधी पाहीन. तोपर्यंत गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा.